नावां सांग

“सर्व नको. नावां सांग.”

वायरलेसवर हे वाक्य आलं की गाडीत आम्ही एकमेकांकडे बघायचो. आग विझलेली असायची, अंगावरचा घाम आणि पाणी एकत्र थंड होत असायचं, आणि वायरलेस माझ्याकडे असल्याने मी नियमाप्रमाणे कळवायचो, “कंट्रोल, काम पूर्ण. सर्व कर्मचारी सुखरूप. परत निघतोय.” पलीकडे थोडी खरखर व्हायची आणि मग ती बोलायची. “सर्व नको. नावां सांग.”

मी नावं सांगायचो. सहा जण असले तर सहा. एखाद्या नावाशी माझा आवाज जरा अडला तर ती तेवढंच धरून बसायची. “घरत गप का हाय? त्याला बोलव.” घरत म्हणजे आमचा ड्रायव्हर. तो माईक घेऊन “हाय मी” म्हणायचा. त्यानंतरच तिचं “या” यायचं.

आम्ही तिला कंट्रोलच म्हणायचो. समोर ताई, पाठीमागे कंट्रोल. अग्निशमन केंद्राच्या पहिल्या मजल्यावर, फोन आणि वायरलेस यांच्या मधल्या खुर्चीत तिने पंचवीस वर्षं काढली. तुम्ही खाडीच्या या बाजूला राहत असाल आणि कधी घाबरून आगीचा फोन लावला असेल, तर तुम्ही तिचा आवाज ऐकलेला आहे. “घाबरू नका. इमारतीचं नाव सांगा. जवळची खूण सांगा. आत कोण आहे?” फोनवर ती असं पुस्तकासारखं स्वच्छ बोलायची. फोन ठेवला की तिच्या खाडीकाठच्या गावची बोली सुरू, आणि सोबत संताप. एसीच्या मागे कबूतर अडकलंय म्हणून एका गृहस्थांनी एका दुपारी चार वेळा फोन केला. चारही वेळा ती त्यांच्याशी गोड बोलली. चौथ्यांदा फोन ठेवून म्हणाली, “त्या कबूतराला सोडवा आन याला बसवा तिथं.”

ती नेहमीच चिडलेली असायची. मला ते समजायला बराच काळ लागला. मी साताऱ्याकडचा, नवा, आणि चिडणारी माणसं वाईट असतात असं मला तेव्हा वाटायचं.

नोकरीत मी पाहिलेला पहिला मृत्यू एका सोसायटीच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीतला. टाकी साफ करायला दोन कामगार उतरले होते आणि आतल्या कोंदट हवेत बेशुद्ध पडले. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून मी खाली गेलो. एकाला दोर बांधला, वर ओढायला सांगितलं, आणि ओल्या अंगावरून दोर निसटला. दुसऱ्यांदा बांधला. दोघेही वर आले, पण एकच वाचला. केंद्रावर परत आल्यावर मी नळाखाली बूट धूत बसलो. अर्धा तास तरी धूत असेन. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे ही रीतच होती. ज्याला त्रास होतोय त्याच्याकडे पाठ करायची, म्हणजे त्याला मोकळं वाटतं, असा समज.

ती जिन्यावरून खाली आली. “बूट फाटतील. वर ये.”

कंट्रोल रूमच्या मागे जुने होजपाइप ठेवायची एक खोली होती. तिथे चटई होती. तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. बाहेर कंट्रोल रूममध्ये तिची जोडीदारीण फोन सांभाळत होती. ही म्हणाली, “हातान काय केलास ते सांग.”

मी म्हणालो, “ताई, मला फार वाईट…”

“वाईट नंतर. मनात काय आला ते मना नको सांगू. हातान काय केलास? पयला काय केलास?”

मी सांगायला लागलो. शिडी धरली. बॅटरी दातात धरली. त्याचा दंड चाचपला. दोर काखेतून घेतला. गाठ मारली. ती प्रत्येक गोष्टीवर “मग?” म्हणायची. गाठ सुटली तिथे मी थांबलो. “मग?” दुसऱ्यांदा बांधला, या वेळी छातीवरून दोन वेढे. “मग?” तिने मला हे तीनदा सुरुवातीपासून सांगायला लावलं, आणि तिसऱ्यांदा माझं मलाच ऐकू आलं की मधे कुठेही माझे हात थांबले नव्हते. मी ढसाढसा रडलो. तिने मला गप्प केलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. रडून झाल्यावर म्हणाली, “बस. हात धू आन जेव. सुकट संपव, साहेबाला वास आवडत नाय.”

त्या खोलीत मी पुढे कितीतरी जणांना बसलेलं पाहिलं, त्यांच्या शेजारी स्वतःही बसलो. तिचे नियम सरळ होते. सल्ला द्यायचा नाही. ‘होतं असं’ म्हणायचं नाही. कोणाला शूर म्हणायचं नाही. एकदा एकजण म्हणाला, “आपण जवान आहोत, रडून कसं चालेल?” तिने त्याला उठवून बाहेर काढलं. “जा, खाली झेंड्याजवल उभा रा.”

हे तिला कोणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं. तिने मोजक्या शब्दांत सांगितलं. खूप वर्षांपूर्वी एका बाईचा फोन आला होता. सातवा मजला, जिन्यात धूर. गाडी वेळेत निघाली, पण सोसायटीच्या दारात हौसेने बांधलेली कमान होती. गाडी तिच्याखालून जाईना, आणि दुसऱ्या गेटपाशी दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या. ती बाई अकरा मिनिटं फोनवर होती. मग नव्हती. जे आगीवर गेले होते त्यांना दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. हिच्या फोनवर चार मिनिटांत पुढचा कॉल आला. कोणीतरी विचारत होतं, आज टँकर येणार का.

“मना कोनी विचारला नाय,” ती म्हणाली. “मी काय, खुर्चीत बसलेली.”

द्रोणागिरीकडच्या एका गोदामाच्या आगीत आमचा एक माणूस गेला. त्याच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, त्याच्या घरच्यांना ते आवडणार नाही. नंतर जे झालं त्याबद्दल मात्र लिहितो, कारण ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात. आधी हार घेऊन लोक आले. मग आमच्यासाठी ‘तणावमुक्ती शिबिर’ ठेवलं गेलं. कानाला माईक लावलेल्या एका वक्त्याने आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, शेजाऱ्याला मिठी मारायला लावली, आणि प्रत्येक संकट ही संधी असते असं सांगितलं. आमचा माणूस जाऊन नऊ दिवस झाले होते.

मागच्या रांगेतून ती उठली. फोनवरच्या त्याच स्वच्छ भाषेत म्हणाली, “सर, जळलेल्या माणसाचा वास नाकातून जात नाही. त्याला काय करायचं?”

वक्ता हसला. “मॅडम, आपण पॉझिटिव्ह विचार करायचा.”

“वास पॉझिटिव्ह कसा घ्यायचा तेवढं करून दाखवा.”

हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. आमचे साहेब पहिल्या रांगेतून वळून तिच्याकडे बघत राहिले. ते बघणं मी विसरलो नाही.

शिबिराच्या शेवटी एक फॉर्म वाटला. त्यात प्रश्न होता, ‘आपल्याला शांत झोप लागते का? होय / नाही.’ दोन जणांनी प्रामाणिकपणे ‘नाही’वर खूण केली. पंधरा दिवसांत दोघांना गाडीवरून काढून कार्यालयात फायली लावायला बसवलं. ‘ऑपरेशनल कामासाठी योग्य नाहीत.’ त्यातला एक आमच्यातला सर्वांत चांगला शिडीवाला होता. खालून माणसं “साहेब, आमचं लेकरू” म्हणून ओरडत असताना तो चढायचा. आता तो स्टेपलर मारतो. त्या दिवसापासून आमच्या केंद्रात सगळ्यांना शांत झोप लागते. दर वर्षी, शंभर टक्के.

तिने फॉर्मचा गठ्ठा चाळला आणि टेबलावर आपटला. “खोटारडे सगले!” मग जरा वेळाने म्हणाली, “लिवा, होयच लिवा. पन मना खरा सांगा.”

यापुढचं लिहायला मला जड जातं, पण ते गाळलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

साहेबांनी चौकशी लावली. विषय, ‘नियंत्रण कक्षालगत अनधिकृत बैठका’. आमच्यापैकी चार जणांना लेखी जबाब मागितले. माझ्या बढतीची फाइल त्याच टेबलावर होती. कोणी मला धमकावलं नाही, कोणी आमिष दाखवलं नाही. मी आपणहून बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सदर बैठका ड्युटीच्या वेळेत होतात, हे खरे आहे.’ वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. तिने एकदाही फोन वाजता सोडला नाही, जोडीदारीण जागेवर असल्याशिवाय ती कधी उठली नाही, आणि त्या खोलीने मला नोकरीत टिकवलं, हे मी लिहिलं नाही. ते विचारलेलं नव्हतं.

जबाबाची प्रत तिला मिळाली. ती माझ्या समोरून जाताना थांबली. “अक्षर चांगला हाय तुजा, जाधव,” म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

तिची बदली विभाग कार्यालयात झाली, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. माझी बढती झाली, मी गाडीचा इन-चार्ज झालो. होजपाइपच्या खोलीला कुलूप लागलं.

कंट्रोलला नवा माणूस आला. चांगला, शिकलेला. ‘सर्व सुखरूप’ म्हटलं की तो “ओके” म्हणायचा.

वर्षभराने पाम बीच रोडवर पहाटे एक मोटार उलटली. चालवणारा कॉलेजातला मुलगा आत दबलेला, पण शुद्धीवर होता. कटरसाठी जागा करायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. घरतचं काम गाडीपाशी थांबायचं, पण त्या मुलाने खिडकीतून हात बाहेर काढला आणि घरतने तो धरला. “सोडू नका,” मुलगा म्हणत होता. “नाय सोडत,” घरत म्हणत होता. शेवटी दरवाजा कापायची वेळ आली. पातं घरतच्या मनगटापाशी येत होतं. मी ओरडलो, “घरत, हात सोड, बाजूला हो!” त्याने सोडला. आम्ही मुलाला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

नंतर घरत डाव्या हाताने गाडी चालवायला लागला. उजवा हात पँटच्या खिशात. पोरं थट्टा करायची, हिरो झाला म्हणून. मीही हसायचो. खरं तर मी त्याच्याशी बोलणंच टाळत होतो, आणि का टाळतोय हे मला पक्कं माहीत होतं. मग एक दिवस तो ड्युटीवर आला नाही. फोन बंद. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा केंद्रावर फोन आला. काल सकाळी तो घराबाहेर पडला, मिठागराच्या बांधावर जाऊन बसला, जेवायलाही आला नाही, आणि आज पुन्हा तिथेच गेलाय.

साहेबांनी रजेचा अर्ज मागवायला सांगितलं. मी विभाग कार्यालयात गेलो.

तिच्या खिडकीसमोर मोठी रांग होती. मी बाजूने डोकावलो. वर्षभरात मी एकदाही तिथे गेलो नव्हतो. तिने मान वर केली नाही. “तुमी आनलेली मानसां आता माझ्याकरं येतात,” म्हणाली. “कागद होऊन. तू कशाला आलास?”

“घरत,” मी म्हणालो.

तिने चष्मा काढला. सकाळचे अकरा वाजले होते. ‘जेवणाची वेळ’ ही पाटी तिने खिडकीत लावली आणि पर्स घेऊन बाहेर आली. रांगेतले लोक बोलायला लागले. त्यांचंही चुकत नव्हतं.

उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर ओळीने उभे होते. ती माझ्या मोटरसायकलवर मागे बसून प्रत्येक ट्रेलरवाल्याला वेगळी शिवी घालत होती. मला एकही घातली नाही. ते मला जास्त लागलं.

घरत बांधावर उन्हात बसला होता. तिने चपला हातात घेतल्या, चिखल तुडवत गेली आणि त्याच्या उजव्या बाजूला बसली. मी चार पावलं लांब उभा राहिलो.

“डोका तापव आनखी,” ती म्हणाली. “उनात बसला म्हंजे बरा वाटतंय का? हात काढ बाहेर.”

तो हलला नाही.

“घरत. हात काढ.”

त्याने हात खिशातून काढला आणि मांडीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

“काय केलास या हातान?”

त्याने सांगितलं. तिच्या प्रत्येक ‘मग’बरोबर सांगितलं. पोराचा तळवा घामट होता. त्याच्या बोटात चांदीची अंगठी होती, ती रुतत होती. तो आईचा नंबर सांगत होता, पण शेवटचे दोन आकडे त्याला आठवत नव्हते. “मग?” मग मी हात सोडला. नाय सोडनार बोललो आन सोडला.

“कोनी सांगितला सोड?”

घरत पाण्याकडे बघत राहिला. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. पण तिने बघितलं.

“तू?”

“हो,” मी म्हणालो.

“मंग उभा काय हायस? बस इथं.”

मी बसलो. आणि तिने मला विचारलं, हातान काय केलास. मी सांगितलं. कटर धरला. पात्याचा कोन बघितला. घरतचं मनगट दिसलं. सांगता सांगता मी घरतला म्हणालो, “तुझा हात गेला असता रे.” घरत म्हणाला, “माहीत हाय मना.” ती बांधावरची ढेकळं उचलून पाण्यात फेकत बसली. तिन्हीसांजेच्या आधी घरत स्वतःच्या पायांनी घरी गेला. आजही तो गाडी चालवतो. दोन्ही हातांनी.

परतीच्या वाटेवर आम्ही चहाला थांबलो. मी तिला विचारलं, “ताई, तुम्ही हातांनी काय केलं होतं? त्या बाईच्या फोनच्या वेळी?”

तिने कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिच्यासमोर बसून जेवलेल्या आमच्यापैकी एकानेही नाही.

“डाव्या हातात फोन,” ती म्हणाली. “उजव्यान लिवत होती. ती बोलंल ते सगला रजिस्टरमदी लिवला. कमान आरवी आली, गारी थांबली, ते पन लिवला. दोन पानां. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या साहेबान ती पानां फारली, बोलला, रजिस्टर खराब केलास. परत लिव. मी परत लिवला. ‘कॉल आला. वाहन रवाना.’ एक ओल.” तिने उजवा तळवा पुढे केला. “याच हातान लिवला.”

सल्ला द्यायचा नाही, हे तिनेच शिकवलं होतं.

खिडकी सोडून गेल्याबद्दल तिला नोटीस आली. तिने उत्तर दिलं नाही, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. तो तत्परतेने मंजूर झाला. आमच्या खात्यात इतक्या लवकर मंजूर झालेला दुसरा कागद मी पाहिलेला नाही.

आणि मग, दोन वर्षांनी, खात्याने ‘सहकारी आधार कक्ष’ सुरू करायचं ठरवलं. वरून आदेश होता. काचेचं दार, सोफा, भिंतीवर धबधब्याचं चित्र. उद्घाटनाला जुन्या कर्मचाऱ्यांचा सत्कार करायचा म्हणून तिचं नाव पत्रिकेत घातलं आणि पत्रिका पोचवायला मला पाठवलं.

ती घरी नव्हती. ओहोटी होती. गावच्या बायकांबरोबर ती खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून खुब्यांच्या शिंपल्या वेचत होती. पत्रिका तिने चिखलाच्या दोन बोटांत कडेला धरून वाचली.

“फायलीवरच्या दोघांना परत गारीवर घेतला का?”

“नाही.”

“फॉर्म तोच हाय?”

“तोच.”

“मंग मना शाल घालून काय झाकनार हायेत?” पत्रिका तिने मला परत दिली आणि वाकून पुन्हा चिखलात हात घातला. मी काठावर बराच वेळ उभा होतो. तिने वर बघितलं नाही.

समारंभात साहेब बोलले. आमच्या खात्यात कोणाही कर्मचाऱ्याला मनातलं सांगायला भीती वाटत नाही, असं म्हणाले. मी उठलो. मला भाषण येत नाही. मी एवढंच म्हणालो की त्या फॉर्मवर मी चार वर्षं खोटं लिहिलंय, मला झोप लागत नाही, आणि ज्या दोघांनी खरं लिहिलं त्यांना आधी परत आणा. आणि ताईंविरुद्धचा जबाब माझा होता. साहेब म्हणाले, “जाधव, खाली बसा, नंतर बोलू.” मी बसलो नाही. माझ्या शेजारी घरत उभा राहिला. मग शिडीवाला. मग आणखी चार-पाच.

त्याचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो, म्हणजे उगाच कोणी आशेवर राहायला नको. त्या दोघांची फाइल अजून फिरते आहे. मला मेमो मिळाला. पुढच्या वर्षीच्या फॉर्ममधून झोपेचा प्रश्न काढून टाकला.

पण त्या दिवशी फोटोची वेळ झाली तेव्हा पहिल्या रांगेत तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची रिकामी होती. साहेबांनी मला खूण केली, इथे बसा. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी दुसऱ्याला बोलावलं, तो बुटाची नाडी बांधायला वाकला. शेवटी ते शिपायाला म्हणाले, “ती खुर्ची काढ.” शिपाई वर पंख्याकडे बघत राहिला. साहेबांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तो पंख्याकडेच बघत होता. फोटोग्राफर म्हणाला, “सर, काढू का?”

आणि फोटो तसाच निघाला.